ढगातला चकवा आणि पॅनेलवरचे एक बटण

प्रति,
मा. महासंचालक,
नागरी विमान वाहतूक महासंचालनालय,
नवी दिल्ली

विषय: प्रशिक्षण विमाने आणि एकइंजिनी हेलिकॉप्टर यांत दिशाभ्रमावरची उपकरणे सक्तीची करण्याबाबत

महोदय,

रानात चकवा लागलेला माणूस आपण सरळच चाललो आहोत अशा खात्रीने गोल गोल फिरत राहतो, असे गावाकडे म्हणतात. ढगात शिरलेल्या वैमानिकाचे नेमके हेच होते. फरक एवढाच की त्याचा गोल प्रत्येक फेरीला खाली उतरत जातो. यात भुताटकी काही नाही, कानाची रचना आहे. आपल्या कागदपत्रांत याला स्पेशियल डिसओरिएंटेशन म्हणतात. आम्ही या पत्रात दिशाभ्रम म्हणू.

या विषयावर आपल्याकडे जे काही होते ते बहुतेक शिकवण्याच्या अंगाने होते. ग्राउंड स्कूलमध्ये एक तास, परीक्षेत दोन-तीन प्रश्न, पावसाळ्याच्या तोंडावर एक परिपत्रक. आमचे म्हणणे असे की कान शिकत नाही. अनुभवाने वैमानिक भ्रम ओळखायला शिकतो, पण भ्रम व्हायचा थांबत नाही. म्हणून इलाज वैमानिकाच्या डोक्यात जेवढा हवा तेवढाच पॅनेलवर आणि कंट्रोलवरही हवा.

आधी कानाचे. अंतर्कर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात आणि त्यांत द्रव. डोके फिरू लागले की नलिका फिरते, द्रव मागे राहतो, आतले बारीक केस वाकतात आणि मेंदूला वळण कळते. पण वळण एकाच गतीने चालू राहिले तर दहा-वीस सेकंदांत द्रवही नलिकेच्या गतीने फिरू लागतो, केस पुन्हा उभे राहतात आणि मेंदू म्हणतो, आपण सरळ आहोत. फुगडी एकदम थांबवली की अंगण उलट्या दिशेला फिरते, त्यामागे हेच द्रवाचे काम. वैमानिकाने वळण थांबवून पंख समतल केले की त्यालाही उलट्या बाजूला वळल्यासारखे वाटते, आणि तो ‘सरळ’ होण्यासाठी पुन्हा मूळच्या वळणात शिरतो. शिवाय पंख अगदी हळू खाली गेला तर सुरुवातच कळत नाही.

वजनाची जाणीवही मदतीला येत नाही. ३० अंशांच्या व्यवस्थित वळणात शरीराचे वजन १.१५ पट होते. ६० किलोच्या माणसाला ९ किलो जास्त, तेही सगळ्या सीटवर पसरलेले. आणि त्या वजनाची दिशा थेट विमानाच्या फरशीकडे. कपात चहा असेल तर तोही काठाला समांतर राहतो. जे चहाला कळत नाही ते पाठीला आणि मांड्यांना कळेल, ही आशा सोडून दिलेली बरी.

तिसरी गोष्ट वेग वाढवतानाची. रात्री समुद्रावर गो-अराउंड करताना, म्हणजे उतरणे सोडून पुन्हा वर जाताना, विमान ०.२ जी (गुरुत्वाकर्षणाच्या एक-पंचमांश) प्रवेगाने पुढे झेपावले, तर वजनाची दिशा सुमारे ११ अंश मागे झुकते. मेंदू याचा अर्थ नाक वर गेले असा लावतो आणि हात दांडा पुढे ढकलतो. २३ ऑगस्ट २००० रोजी बहारीनजवळ एअरबस ए३२० अशाच गो-अराउंडमध्ये समुद्रात गेले आणि १४३ जण मरण पावले. तपासात या भ्रमाचा ठळक उल्लेख आहे.

हे किती लवकर होते, याचा सर्वांत जुना आणि अजूनही सर्वांत उपयोगी प्रयोग अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाचा, १९५४ चा. उपकरणांवर उडण्याचे शिक्षण नसलेले २० वैमानिक कृत्रिम ‘ढगात’ नेले. विसाच्या वीस जणांचा ताबा सुटला. सरासरी वेळ १७८ सेकंद. हा आकडा सगळीकडे सांगितला जातो. प्रयोगाचा दुसरा भाग मात्र कोणी फारसा सांगत नाही, आणि आमच्या मते खरा धडा तिथे आहे. त्याच वैमानिकांना एक पद्धत शिकवली: वेग कमी करा, विमान ट्रिम करा (म्हणजे हात न लावता सरळ उडेल असे बसवा), हात दांड्यावरून काढा आणि फक्त पायाने, शेपटीच्या रडरने, हळूहळू १८० अंश वळा. त्यानंतर ते जवळजवळ प्रत्येक वेळी सुखरूप बाहेर पडले. म्हणजे इलाज कौशल्य वाढवण्याचा नव्हता. फसलेल्या माणसाचा हात कंट्रोलवरून दूर करून विमानाच्या अंगच्या स्थिरतेवर सोपवण्याचा होता.

आता हाच इलाज हेलिकॉप्टरला लावून पाहा. लागू होत नाही. विमान ट्रिम करून सोडले तर काही काळ सरळ जाते. लहान हेलिकॉप्टरची सायक्लिक, म्हणजे कल आणि दिशा सांभाळणारी दांडी, सोडली तर दोन-चार सेकंदांत ते कलंडायला लागते. ज्या यंत्रात हात सोडण्याची सोय सर्वांत कमी, तेच यंत्र आपण केदारनाथच्या दरीत, पावसाळ्यातल्या घाटावर आणि निवडणुकीच्या दौऱ्यांत सर्वांत जास्त वापरतो. यातली बहुतेक एकइंजिनी हेलिकॉप्टर बाहेर बघून उडवायच्या नियमांखाली उडतात, म्हणून ढगात शिरण्याची तयारी त्यांच्यात धरलेलीच नसते. पण ढग नियम वाचून येत नाही. जुहूहून पुण्याकडे निघालेल्या हेलिकॉप्टरला खोपोलीपर्यंत स्वच्छ आभाळ आणि खंडाळ्याच्या माथ्यावर भिंतीसारखा ढग, हे जून ते सप्टेंबर रोजचे आहे.

२ ऑक्टोबर २०२४ रोजी पुण्याजवळ बावधनमध्ये सकाळच्या धुक्यात उडालेले हेलिकॉप्टर काही मिनिटांत कोसळले आणि तिघे गेले. त्या अपघाताचे कारण ठरवणे अपघात अन्वेषण ब्युरोचे काम आहे, आम्ही त्यात पडत नाही. ८ डिसेंबर २०२१ रोजी कुन्नूरजवळ पडलेल्या एमआय-१७ व्ही५ बाबत मात्र चौकशीचा निष्कर्ष हवाई दलाने जाहीर केला आहे: दरीतले हवामान अचानक बदलले, हेलिकॉप्टर ढगात शिरले, वैमानिकाला दिशाभ्रम झाला आणि ते जमिनीवर आदळले. अनुभवी चालकदलाचे हे झाले, तर चार्टरवाल्या एकट्या वैमानिकाचे काय, हा प्रश्न आपल्या कार्यालयाने विचारायला हवा.

यावरचे तंत्रज्ञान नवे नाही. मिग-२९ या लढाऊ विमानात विमान समतल करण्याचे बटण जुन्या सोव्हिएत काळापासून आहे. अमेरिकेच्या एफ-१६ लढाऊ विमानात २०१४ पासून जमीन जवळ आल्यावर संगणक स्वतः विमान सरळ करून वर खेचतो. अंगावर कंप देणारे जाकीट, कॉकपिटभर क्षितिजाची प्रकाशरेषा, असले प्रयोगही झाले. त्यांच्यात आत्ता अडकू नये. नागरी बाजारात आज विकत मिळणाऱ्या दोनच गोष्टींची आम्ही मागणी करतो: स्वतंत्र विजेवर चालणारे दुसरे कृत्रिम क्षितिज (विमान किती कलले आहे ते दाखवणारे उपकरण), आणि स्थिरीकरणासह समतल करणारे बटण.

दुसरे क्षितिज कशासाठी, हे मुंबईला सांगायला नको. १ जानेवारी १९७८ च्या रात्री सांताक्रूझहून दुबईला निघालेले एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे बोइंग ७४७, उड्डाणानंतर १०१ सेकंदांत वांद्र्याच्या किनाऱ्यापलीकडे समुद्रात पडले. २१३ जण गेले. विमान उजवीकडचे वळण संपवून समतल होत होते. कॅप्टनसमोरचे क्षितिज मात्र उजवीकडे कललेलेच दाखवत राहिले. बाहेर अंधार आणि काळा समुद्र. त्यांनी विमान डावीकडे कलवले, आणखी कलवले, आणि विमान डाव्या अंगावर उलटले. दुसरे क्षितिज बाजूलाच होते. ताडून पाहायला वेळ पुरला नाही. यातून दोन गोष्टी घ्यायच्या: एकच उपकरण असेल तर ते बिघडल्याचे कळायला मार्ग नाही, आणि दोन असली तरी ती एका नजरेत मावणारी हवीत.

आपल्या फ्लाइंग स्कूलांतल्या जुन्या सेस्ना विमानांमध्ये यापेक्षा वाईट स्थिती आहे. क्षितिजाच्या आतला भोवरा (जायरो) इंजिनावरच्या व्हॅक्यूम पंपाने ओढलेल्या हवेवर फिरतो. पंप कोरडा असतो: रोटरच्या खाचांत ग्राफाइटच्या पट्ट्या, आणि त्यांच्याच भुकटीचे वंगण. इंजिन धुताना सॉल्व्हंट आत गेले, तेल झिरपले किंवा इंजिन बंद करताना उलटा झटका बसला की पट्टी तुटते आणि पंप एका क्षणात मरतो. पण क्षितिज एका क्षणात मरत नाही, हीच गोम. भोवरा काही मिनिटे नुसत्या गतीवर फिरत राहतो आणि मंदावत जातो. क्षितिज आधी दोन अंश झुकते, मग पाच, मग दहा. लाल झेंडा नाही, आवाज नाही. वैमानिक झुकलेल्या क्षितिजाच्या मागे मागे विमान झुकवत जातो. सक्शन दाखवणारा गेज पॅनेलच्या कडेला, सुपारीएवढा, काटा पाऱ्याच्या ४.५ ते ५.५ इंचांच्या हिरव्या पट्ट्यात आहे की शून्यावर, हे ढगात घाम फुटलेल्या मुलाने कधी बघायचे? ऑटोपायलट त्याच भोवऱ्यावरून चालत असेल तर तोही निमूटपणे झुकत जातो.

म्हणून मागणी अशी. प्रत्येक प्रशिक्षण विमानात आणि प्रत्येक चार्टर हेलिकॉप्टरमध्ये भोवरा नसलेले, सेन्सरवर चालणारे इलेक्ट्रॉनिक क्षितिज, स्वतःच्या अंतर्गत बॅटरीसह. गार्मिन कंपनीच्या लहान उपकरणाची बॅटरी चार तासांपर्यंत चालते असे निर्माता सांगतो. आम्ही किमान ३० मिनिटे मागतो, पण ती दरवर्षी प्रत्यक्ष मोजलेली. बॅटरी जुनी होते आणि कुणाला पत्ता नसतो.

बसवताना काय चुकते, तेही सांगतो. पहिली चूक: दोन्ही क्षितिजे एकाच एव्हिऑनिक्स बसवर, म्हणजे उपकरणांच्या एकाच वीज-वाहिनीवर, जोडणे आणि अंतर्गत बॅटरीच्या प्लगला हात न लावणे. कागदावर दोन उपकरणे, प्रत्यक्षात एक. दुसरी: नवे उपकरण उजव्या कोपऱ्यात बसवणे, कारण तिथे भोक होते. ते मुख्य क्षितिजाच्या लगत हवे, नाहीतर बघायला डोके वळवावे लागते, आणि ढगात डोके वळवणे हे भ्रमाला आमंत्रण. तिसरी: ही उपकरणे आपली चूक सुधारायला हवेच्या वेगाचा आधार घेतात, त्यामुळे वेग मोजणाऱ्या पिटॉट नळीत पाणी किंवा कुंभारणीचे घरटे असेल तर वेगातली चूक क्षितिजातही उतरू शकते. पिटॉट-स्टॅटिकची गळती चाचणी बसवल्यानंतर करायची, आधीच्या चाचणीवर भागवायचे नाही. आणि काचेला चिकटवलेला टॅब्लेट म्हणजे दुसरे क्षितिज, ही समजूत कोणी पसरवत असेल तर आपण लेखी मोडून काढावी. चिकटपट्टीवरचा सेन्सर दोन अंश सरकला तरी क्षितिज दोन अंश खोटे बोलते.

आता बटण. विमानांसाठीच्या नव्या ऑटोपायलटमध्ये निळे ‘लेव्हल’ बटण असते. दाबले की पंख समतल, उभा वेग शून्य. आधी काय चालू होते ते विचारत नाही. काही प्रशिक्षण विमानांत याच्याही आधीची पायरी असते: कल ४५ अंशांवर गेला की सर्व्हो (ऑटोपायलटची मोटर) दांड्यावर हलका दाब देऊन विमानाला ३० अंशांकडे आणतो, आणि शेवटच्या २० सेकंदांतला निम्म्याहून जास्त वेळ असे ढकलण्यात गेला तर स्वतःच समतल करतो. हे संरक्षण स्टीप टर्न (तीव्र वळण) आणि स्टॉलच्या (पंखांची उचल सुटण्याच्या) सरावासाठी बंद करावे लागते. सराव संपल्यावर ते चालू करायचे राहते. तपासणी यादीत ती एक ओळ घालायला पैसे लागत नाहीत.

हेलिकॉप्टरसाठी लहान स्थिरीकरण यंत्रणा मिळतात. त्यांतल्या हेलिसॅसचे वजन सात किलोच्या आत आहे. गार्मिनच्या जीएफसी ६००एच मध्ये ‘लेव्हल’ बटण आहे आणि ती एच१२५ या हेलिकॉप्टरवर बसते. ऑपरेटर म्हणतील, केदारनाथच्या उंचीवर प्रत्येक किलो मोजावा लागतो. मान्य. सात किलो म्हणजे एका यात्रेकरूची पिशवी.

पण या बटणाची मर्यादाही आम्हीच सांगितलेली बरी, विक्रेते सांगणार नाहीत. बटणाला डोंगर दिसत नाही. ते हेलिकॉप्टर समतल करून सरळ नेईल, सरळ सह्याद्रीच्या कड्यातही. म्हणून त्यासोबत जमीन-इशारा यंत्रणा आणि रेडिओ अल्टिमीटर (खालच्या जमिनीपासूनची उंची मोजणारा) हवा, आणि वैमानिकाच्या हाती आधीच ठरलेली क्रिया हवी: समतल, पॉवर, वेग धरून चढ, मग माहितीतल्या मोकळ्या दिशेला हलके वळण. १०० नॉटला १५ अंशांचा कल ठेवला की सेकंदाला सुमारे तीन अंश, म्हणजे उलटे फिरायला एक मिनिट. दरी अरुंद असेल तर हे मिनिट मिळत नाही. ते गणित उड्डाणाआधी करायचे. दुसरी मर्यादा: काही यंत्रणा ठरावीक वेगाखाली पूर्ण साथ देत नाहीत, आणि ढग बघून वैमानिक आधी वेगच कमी करतो. तिसरी मर्यादा माणसाची. कॅलिफोर्नियात २६ जानेवारी २०२० रोजी नऊ जणांना घेऊन पडलेल्या सिकॉर्स्की एस-७६बी ला ऑटोपायलट होता. अनुभवी वैमानिक नियंत्रकाला चार हजार फुटांवर चढतो आहे असे सांगत होता आणि हेलिकॉप्टर डावीकडे वळत खाली चालले होते. बटण हा शेवटचा उपाय मानला की तो शेवटपर्यंत आठवत नाही. आपल्या क्लबांमध्ये तर बटण दाबले म्हणजे हातात कसब नाही, असे समजणारे अजून आहेत. परीक्षकाने चेकमध्ये बटण वेळेत दाबल्याचे गुण द्यावेत, हा त्यावरचा साधा उतारा.

बटणाची जागा: सायक्लिकच्या मुठीवर, किंवा पॅनेलच्या वरच्या कडेला एकटे, न बघता बोटाला ओळखू येईल अशा आकाराचे. सारख्या दिसणाऱ्या आठ बटणांच्या रांगेत नको.

परवानगीचा भाग आपल्या हातात आहे. अमेरिकेच्या नियामकाने २०१६ मध्ये, सक्तीची नसलेली पण सुरक्षितता वाढवणारी उपकरणे सोप्या वाटेने बसवू द्यायचे धोरण आणले. तिथल्या २०१४ च्या नियमाने व्यावसायिक हेलिकॉप्टरला रेडिओ अल्टिमीटर, एअर अँब्युलन्सला जमीन-इशारा यंत्रणा आणि वैमानिकाला ढगातून बाहेर पडण्याची प्रात्यक्षिक परीक्षा लागू केली. आपणही परदेशी मान्यता असलेल्या उपकरणांना ठरावीक दिवसांत उत्तर द्यायचे बंधन स्वतःवर घालून घ्यावे. मुदत आमच्या मते प्रशिक्षण विमानांना दोन वर्षे, चार्टर हेलिकॉप्टरला तीन.

प्रशिक्षणावर थोडेच, कारण त्यावर बरेच लिहिले गेले आहे. प्रत्येक स्कूलमध्ये फिरती खुर्ची असावी. बेंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनमध्ये हवाई दलाकडे दिशाभ्रमाचा सिम्युलेटर आहे. तेवढा खर्च कुणी मागत नाही. खुर्चीला पट्टा, विद्यार्थ्याचे डोळे बांधलेले, डोके सरळ, मिनिटाला दहा फेरे अशी सारखी गती, ३० सेकंद. ‘कुठे फिरतो आहेस’ विचारायचे. तो म्हणेल, थांबलो. मग हलकेच थांबवायचे. तो म्हणेल, उलटा फिरतो आहे. इथे दोन चुका होतात. गती हाताने धक्के देत ठेवली तर प्रत्येक धक्का त्याला दिशा सांगतो. आणि खोलीत एका बाजूला पंखा किंवा ट्यूबलाइट असेल तर विद्यार्थी कानाने किंवा पट्टीतून झिरपणाऱ्या उजेडाने ओळखतो, आणि ‘मला काही झाले नाही’ असा खोटा विश्वास घेऊन बाहेर पडतो. त्याला खोलीत न नेलेलेच बरे होते. जवळ एक माणूस धरायला उभा आणि एक पिशवी हाताशी, हे सांगायला नकोच.

शेवटी, हे पाळले जाते का ते पाहण्याची सोय. आपल्या निरीक्षकाला यासाठी फाइल उघडावी लागू नये. विमान जमिनीवर उभे असताना सगळी उपकरणे चालू करायची, दोन्ही क्षितिजे जुळतात हे पाहायचे, मग मास्टर स्विच बंद करून घड्याळ लावायचे. दुसरे क्षितिज ३० मिनिटे जिवंत राहिले तर सही करावी. दहाव्या मिनिटाला पडदा काळा झाला तर लॉगबुकात लिहावे आणि विमान हँगरमध्ये ढकलावे.

कळावे,

उड्डाण प्रशिक्षक, हेलिकॉप्टर वैमानिक आणि एव्हिऑनिक्स अभियंते